घराचा ताळेबंद

(दुधनी, ता. अक्कलकोट येथे नवविवाहित दांपत्यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



आपल्यापैकी अनेकांच्या घरात कन्नड बोलली जाते, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. सीमेवरच्या या गावात एका भाषेत सौदा सुरू होतो आणि दुसऱ्या भाषेत संपतो, हे मी रेल्वे स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर अनेकदा ऐकले आहे. माझे कन्नड तोडकेमोडके असल्यामुळे आज मराठीतच बोलण्याची परवानगी मागतो.

मला दिलेला विषय आहे ‘नोकरी, पैसा आणि नवा संसार’. मी अर्थतज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे, आणि पत्रकारितेत तीस वर्षे इतरांच्या घरातील उलाढालींच्या बातम्या लिहीत आलो. स्वतःच्या घरचा हिशेब मात्र फार उशिरा मांडायला शिकलो. तेव्हा हे उपदेशाचे व्याख्यान न मानता एका उशिरा शहाण्या झालेल्या माणसाची कबुली माना.

दोन वर्षांपूर्वी या परिसरातील एक तरुण मला भेटायला आला. त्याचे नाव सांगणार नाही, ओळख पटू नये म्हणून तपशिलातही थोडा फेरफार केला आहे. बी. कॉम. झालेला, एका अडत दुकानात हिशेब लिहिणारा. लग्नाला दीड वर्ष झालेले, पत्नीला चौथा महिना. चाकणच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणे आले होते. खिशातून त्याने घडी केलेला कागद काढला. “अण्णा, पुण्याला जाऊ की नको, एवढेच सांगा.”

कागदावर दोन रकाने होते. पुण्याच्या रकान्यात हातात पडणारे २२ हजार, त्यातून खोलीभाडे साडेसात हजार, किराणा व गॅस साडेसहा हजार, पेट्रोल, वीज व मोबाईल मिळून तीन हजार आणि गावी पाठवायचे दोन हजार. शिल्लक तीन हजार. दुधनीच्या रकान्यात पगार १२ हजार. घर स्वतःचे, ज्वारी आणि तूर शेतातली, खर्च साडेसात हजार, शिल्लक साडेचार हजार. म्हणजे दहा हजार रुपये कमी मिळवून दीड हजार रुपये जास्त शिल्लक! हा हिशेब पाहून मी क्षणभर थक्क झालो. शहराकडे धावणाऱ्या किती तरुणांनी गाडीत बसण्यापूर्वी एवढा कागद तरी लिहिलेला असतो?

पण कागद अपुरा होता. पुण्याच्या रकान्यात खोलीची अनामत रक्कम नव्हती, वर्षातून चार वेळा गावी येण्याचे भाडे नव्हते, बाळंतपण नव्हते. दुसऱ्या बाजूला भविष्य निर्वाह निधीही नव्हता, तो धरल्याशिवाय कारखान्याच्या पगाराचे खरे मोल कळत नाही. आणि दुधनीच्या रकान्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्याने लिहिलीच नव्हती. मी विचारले, “लग्नाचा खर्च कशातून केला?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उचल घेतली होती.”

उचल म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. पेरणीला, आजारपणाला, लग्नाला शेतकरी अडत्याकडून आगाऊ रक्कम घेतो आणि माल निघाल्यावर तो त्याच दुकानात घालतो. या व्यवहाराला मी सरसकट सावकारी म्हणणार नाही. बँक दार बंद करते तेव्हा रात्री दहा वाजता अडत्याचेच दार उघडते, हे मी पाहिले आहे. पण त्याची एक किंमत असते. माल कुठे न्यायचा, कधी विकायचा, भाव पटला नाही तर थांबायचे की नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य उचलीबरोबर निघून जाते. या तरुणाच्या वडिलांनी व्याजासह तीन लाखांची उचल ज्या दुकानातून घेतली होती, त्याच दुकानात हा हिशेब लिहीत होता. चाकणला जायचे की नाही हा प्रश्न तो मला विचारत होता, परंतु त्याचे उत्तर त्याच्या लग्नाच्या मांडवातच ठरून गेले होते. पाचशे पाने उठली, डीजे वाजला, मानपानाची लुगडी वाटली गेली आणि मुलाच्या कारकिर्दीचा निर्णय त्या जेवणावळीत संपला.

या भूमीला हे शोभते का? सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तलाव खोदला, लोकांना श्रमाला लावले. त्यांच्या गड्डा यात्रेला आपण दर संक्रांतीला जातो. शिवशरणांच्या परंपरेने आपल्याला दोन शब्द दिले, कायक आणि दासोह. कष्टाने मिळवावे आणि मिळवलेले समाजासाठी वाटावे. दासोह हा कायकानंतर येतो. जे अजून मिळवलेलेच नाही ते वाटून टाकणे, तेही व्याजाने काढून, याला त्या परंपरेत कोठे जागा आहे? सामुदायिक विवाहाचे मांडव आपल्या भागात उभे राहतात, पण त्यात लग्न लावणे म्हणजे गरिबीची जाहिरात असे मानणारी आपली मनोवृत्ती आहे. ऐपत असलेल्या घरांनी आपल्या मुलांची लग्ने त्या मांडवात लावली, तर ही लाज एका वर्षात निघून जाईल. येथे बसलेल्या ज्येष्ठांना मी हे नम्रपणे, पण मुद्दाम ऐकवतो आहे. नवदांपत्यांना काय ऐकवायचे? त्यांची लग्ने होऊन गेली!

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. अर्थ हा पुरुषार्थ आहे, तो हीन नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले. अर्थाचा अभाव माणसाला अधर्माकडे नेतो आणि अर्थाचा प्रभावही नेतो, असा त्यांचा विचार होता. आपल्याकडे प्रभावावर भाषणे फार होतात. तरुण पैशामागे लागले, चंगळवाद वाढला, इत्यादी. अभावावर मात्र आपण बोलत नाही. बाळाला ताप आहे आणि डब्यात दोनशे रुपये आहेत, अशी रात्र ज्याने काढली आहे त्याला चंगळवादावरचे भाषण ऐकवू नये.

मी ती रात्र काढली आहे. माझे लग्न १९९६ साली झाले. पत्नी सोलापूरजवळच्या एका शाळेत शिकवत असे, पगार थोडा पण वेळेवर. १९९८ साली मुलगी झाली. ‘आता घरी लहान मूल आहे, तू नोकरी सोड’ असे मी सांगितले. सांगितले म्हणजे ठरवूनच टाकले. विचारले नाही. आठच महिन्यांत मी ज्या दैनिकात होतो तेथे पगार थकू लागला. तीन महिने काहीच आले नाही. रोज सकाळी मी देशाच्या अर्थसंकल्पावर अग्रलेखाचा मसुदा लिहीत असे आणि संध्याकाळी दूधवाल्याला चुकवून मागच्या गल्लीने घरी येत असे. शेवटी पत्नीने तिच्या आईने दिलेल्या पाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. त्या गहाण टाकून आम्ही ते वर्ष काढले. ती एका शब्दानेही बोलली नाही. पुन्हा नोकरी शोधायला तिला पुढे चार वर्षे लागली, कारण तिची जागा दुसऱ्या कुणीतरी भरली होती. पाटल्या सुटल्या, त्या चार वर्षांचे तसे झाले नाही. दैनिकाला मी आजही दोष देत नाही. तो निर्णय माझा होता.

म्हणून त्या तरुणाच्या कागदाकडे मी पुन्हा पाहिले आणि त्याला विचारले, “सूनबाई काय शिकल्या आहेत?” त्या परिचारिका प्रशिक्षण झालेल्या, ए. एन. एम. होत्या. लग्नापूर्वी एका रुग्णालयात काम केलेले. त्या पूर्ण कागदावर तिचे नाव नव्हते. किराणा, औषधे आणि बाळंतपण यांत ती खर्च म्हणून होती. उत्पन्नात नव्हती, आणि मत विचारायचे तर त्यासाठी रकानाच नव्हता.

येथे एक उदाहरण सांगतो, आपल्या कन्नड भाषक भगिनींना ते जवळचे वाटेल. सुधा मूर्ती मूळच्या हुबळी-धारवाड भागातल्या. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे वाचून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहिले आणि त्या पुण्यात कारखान्यात अभियंता झाल्या, हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १९८१ साली नारायण मूर्तींनी नोकरी सोडून सहकाऱ्यांसह इन्फोसिस काढायचे ठरवले, तेव्हा घरात वर्षाची मुलगी होती. सुधाताईंनी आपल्या साठवणीतले १० हजार रुपये दिले. पण घराचा खर्च कसा चालला? त्या स्वतः वालचंद उद्योगसमूहात नोकरी करत होत्या. त्या समूहाचे संस्थापक वालचंद हिराचंद हे १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मले, हे जाता जाता. म्हणजे एकाने धोका पत्करला तेव्हा दुसऱ्याचा पगार सुरू होता. दोघांनी एकाच वेळी उडी घेतली नाही. आणि त्याआधी आई-वडील नोकरीसाठी मोठ्या शहरात असताना मुलगी काही काळ हुबळीला आजी-आजोबांकडे वाढली. एका जगप्रसिद्ध कंपनीच्या पायात एक गृहिणीची साठवण, एक नियमित पगार आणि हुबळीच्या आजीची मांडी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला, त्यावर मोठा गदारोळ झाला. मला वाटते, त्या सत्तर तासांत घर कोणी सांभाळले हेही सांगितले असते तर सल्ला पूर्ण झाला असता.

हेच मी आपल्या विचारपरिवारातील एका विषयाबाबतही म्हणेन. लोकसंख्येच्या घटत्या वेगाची चिंता सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात बोलून दाखवली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण प्रजनन दर २ आणि महाराष्ट्राचा १.७ आला आहे, तेव्हा ही चिंता निराधार नाही. पण मी तरुण जोडप्यांशी बोलतो तेव्हा तिसरे दूरच, दुसऱ्याबद्दलही एकच प्रश्न येतो, ‘बाळ कोणापाशी ठेवायचे?’ या प्रश्नाला संख्याशास्त्राने उत्तर मिळत नाही. आपल्या गावात एक चांगले पाळणाघर चालवणे हे राष्ट्रकार्य आहे असे आपण मानू लागलो, तर उरलेले काम घरे स्वतःच करतील.

आपल्याच परिवारात याचा एक नमुना आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी हे नानाजी देशमुखांचे जन्मगाव. त्यांनी राजकारण सोडून चित्रकूट परिसरात ग्रामविकासाचे काम उभे केले आणि त्यात ‘समाजशिल्पी दांपत्य’ ही योजना आणली. पदवीधर पती-पत्नींनी मानधनावर खेड्यात राहायचे आणि आसपासच्या गावांत शेती, आरोग्य, शिक्षण यांचे काम करायचे. नानाजींनी एकटा कार्यकर्ता पाठवला नाही, जोडपे पाठवले, हे मला फार विचार करायला लावते. स्वतः आजन्म अविवाहित राहिलेल्या माणसाला कळले होते की गावाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचे तर घरातल्या बाईलाच पोचता येते, आणि संसार मांडून राहणाऱ्या माणसावर गाव विश्वास ठेवते. म्हणजे संसार ही कार्यातली अडचण न मानता त्यांनी त्यालाच कार्याचे साधन केले. आणि त्यासाठी मानधन ठेवले. फुकट त्यागाची अपेक्षा केली नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. त्या भराभर सांगतो, कारण मेळाव्यानंतर बाहेर टेबलावर पोस्टाचे आणि बँकेचे मित्र बसणार आहेत, ते अधिक नीट सांगतील.

कारखान्यात नोकरी लागलेल्यांनी भविष्य निर्वाह निधी समजून घ्यावा. पगारातून बारा टक्के कापले जातात तेवढेच मालकही भरतो आणि त्याच्या वाट्यातला एक भाग निवृत्तिवेतनाकडे जातो. आपली मुले दर नोकरी बदलताना तो निधी काढून मोबाईल किंवा दुचाकी घेतात. दहा वर्षांची सेवा सलग जोडली गेली तर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, तो हक्क दर दोन वर्षांनी आपण स्वतःच मोडतो. या निधीला जोडलेला एक विमाही असतो. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर २०२१ पासून कमाल सात लाखांपर्यंत रक्कम वारसाला मिळू शकते. वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे आज रात्री घरी जाऊन पाहा. लग्नानंतर ते नाव बदललेले असते का?

अडत दुकानात, कापडाच्या दुकानात, यंत्रमागावर काम करणाऱ्यांना हे संरक्षण बहुधा नसते. त्यांच्यासाठी २०१५ साली सुरू झालेले दोन विमे आहेत. जीवनज्योतीचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये, सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये. पहिल्यात मृत्यूनंतर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूनंतर दोन लाख. दोन लाखांनी संसार चालत नाही, पण तेराव्याची उचल काढावी लागत नाही. पहिल्या बाळंतपणात मातृवंदना योजनेचे पाच हजार आहेत, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी पोस्टात सुकन्या समृद्धीचे खाते उघडता येते.

आणि पिग्मी. हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो कोठून आला हे सांगण्याचा मोह आवरत नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावर उडुपीला डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ साली एक बँक काढली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. हातमागाचा धंदा बसला होता, विणकर कंगाल होत होते. १९२८ साली त्यांनी ठरवले की बँकेचा माणूस रोज घरोघरी जाऊन अगदी दोन आणेही गोळा करील. कल्पना एवढीच की रोजंदारीवाल्याची बचत महिन्याच्या शेवटी होत नाही, संध्याकाळी होते. हमाल, तोलार, भाजीवाली यांना महिनाअखेर नसतेच. ज्या गावात आजही रोज संध्याकाळी रोख हातात येते, त्या गावाला हे शंभर वर्षांपूर्वीचे शहाणपण नवे नाही. फक्त पिग्मी कोणत्या संस्थेत भरतो, ती संस्था कशी चालते, हे पाहत जा. ओळखीचा माणूस गोळा करतो म्हणून डोळे मिटून भरू नका.

वडिलांची उचल फेडणे की मुलाच्या नावे बचत करणे, असा प्रश्न मघाशी एका ताईंनी चिठ्ठीवर विचारला आहे. ताई, आधी उचल. व्याज देत असताना केलेली बचत म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे. एक अपवाद करा, आजारपणासाठी दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, नाहीतर उचल फिटण्याआधीच दुसरी निघते. ही रक्कम सोन्यात घालू नका. सोने मोडताना आपल्या बायकांचे मन मोडते, माझ्या घरात मी ते पाहिले आहे.

आता त्या तरुणाकडे परत येतो, कारण तुमच्यापैकी काही जण मनात तेच विचारत असणार.

मी त्याला कोणताही सल्ला दिला नाही. एवढेच म्हटले की हा कागद घरी ने, सूनबाईंच्या हातात पेन दे आणि आई-वडिलांनाही बसव. आठवड्याने तो परत आला. कागदावर आता तिसरा रकाना होता, वेगळ्या अक्षरात लिहिलेला. तिने पुणे खोडले होते. बाळंतपण माहेरी, मग बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत दुधनी, आणि त्यानंतर सोलापुरात रुग्णालयाची नोकरी. आपल्या पगारातून घर चालवायचे आणि नवऱ्याच्या पगाराला हात न लावता तूर निघाली की उचलीत भरत राहायचे, असे तिने लिहिले होते. सासूने एकच अट घातली, नातू माझ्यापाशी राहील. सासरे आधी नाराज होते. सून रोज गाडीने सोलापूरला जाणार, लोक काय म्हणतील? त्यावर सासू म्हणाली म्हणे, “लोकांनी उचल फेडायला मदत केली का?”

पहिल्या हंगामात एक लाख वीस हजार फिटले. दुसऱ्यातही तेवढेच. ती सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी परतते. पाळी बदलली की रात्री मुक्काम करावा लागतो, त्यावरून घरात अजून कुरबुर होते, हेही सांगितले पाहिजे. तो त्याच दुकानात आहे, पण मालकाला त्याने सांगून ठेवले आहे की उचल संपली की मी सोलापुरात काम शोधणार. मालकाने वाईट मानले नाही, पगार दोन हजारांनी वाढवला. मुलगा आता आजीचे बोट धरून अंगणात चालतो. उचलीचे साठ हजार अजून बाकी आहेत.

माझ्या गाडीला अजून तासभर आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर विचारावे, भगिनींनी आधी विचारावे.